पाणी कमी, पोवळी फार

मित्रांनो, मी एक जुनी माशांची काचपेटी आहे. सध्या माझ्यात मासे नाहीत, बटाटे आहेत. बटाट्यांचं आणि माझं बरं जमतं. ते पोहत नाहीत, मरत नाहीत आणि त्यांना पाहायला कोणी पाहुणे येत नाहीत.

माझा जन्म नागपुरात, सीताबर्डीच्या मागच्या गल्लीतल्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. लोखंडी अँगलची चौकट, तिच्यात बसवलेल्या काचा आणि सांध्यांत भरलेली पुट्टी, एवढंच माझं शरीर. कारागिराने मला काठोकाठ भरून उन्हात ठेवलं, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, “गळत नाई.” माझी आयुष्यातली ती पहिली स्तुती. त्यानंतर फारशी झाली नाही.

मला घरी नेलं रुपरावांनी. साल असेल चौऱ्याहत्तर किंवा पंच्याहत्तर. रुपराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात, स्टोअरमध्ये कामाला होते. एखादी वस्तू कमी पडण्यापेक्षा शिल्लक पडलेली बरी, हे त्यांनी नोकरीत शिकलेलं आणि घरी आणलेलं तत्त्व. कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ते, त्यांच्या पत्नी सत्यवतीबाई आणि मॅट्रिक झालेली मुलगी प्रेमिला, अशी तीन माणसं राहत. प्रेमिलाला नर्सिंगला जायचं होतं. रुपराव म्हणत, “आधी लगन, मंग बाकीचं.” पण लग्न जमत नव्हतं, कारण पत्रिकेत मंगळ निघाला होता.

सावनेरच्या एका पंडितांनी उपाय सांगितला, “घरात पोवळं येऊ द्या.” त्यांच्या मनात होतं अंगठीतलं लाल पोवळं. रुपरावांनी पोवळं कधी पाहिलंच नव्हतं. ते सीताबर्डीवर पोवळं विचारत फिरले. “पोवळं मतलब? मूंगा?” एका पानवाल्याने विचारलं आणि बोट दाखवलं ते रंगीत माशांच्या दुकानाकडे. तिथे दुकानदाराने फुलकोबीच्या गड्ड्याएवढा एक पांढरा, फांद्याफांद्यांचा दगड हातात दिला. “असली मूंगा है साहब, समुंदर का.” रुपराव हिशेबी माणूस. अंगठीत पोवळं मावतं राईएवढं. इथे कोबीएवढं मिळत होतं, म्हणजे गुणही तेवढाच यायचा.

आता समुद्राची वस्तू कोरडी कशी ठेवायची? म्हणून मी आले. मी आले म्हणून पाणी आलं आणि नुसतं पाणी बरं दिसत नाही म्हणून मासे आले. मित्रांनो, घरात वस्तू अशाच येतात.

माझी जागा बैठकीत, पाहुण्यांच्या खुर्चीसमोर होती. पहिली मंडळी काटोलकडची. मुलाच्या मामांनी पोहे खाता खाता काचेला नाक लावलं.

“काय गा रुपराव, ही मच्छी खाची आहे का?”

“नाई जी, पाह्याची आहे.”

“पाह्याची मच्छी!” मामा पोट धरून हसले. मग त्यांनी मासे पाहिले, पुन्हा पोहे मागून घेतले आणि जाता जाता एकदा प्रेमिलाकडेही पाहिलं. आठवड्याने निरोप आला, मुलगी सावळी आहे.

त्या रविवारी रुपराव पिशवीतून दुसरं पोवळं घेऊन आले.

“अजून एक? काहून जी?” सत्यवतीबाईंनी विचारलं.

“तू चूप बस वं. पयलं कमी पडून राहिलं.”

पुढे हीच रीत पडली. मंडळी यायची, पोहे व्हायचे, नकार यायचा आणि रविवारी माझ्यात एक पोवळं वाढायचं. कधी बशीसारखं, कधी सांबराच्या शिंगासारखं, कधी मेंदूसारखं. या शेवटच्याकडे पाहून सत्यवतीबाई म्हणाल्या, “एवढं तरी कामी आलं असतं, डोक्यात असतं तं.” रुपरावांनी ऐकलं नाही. प्रत्येक पोवळं पाण्यात सोडताना ते क्षणभर हात जोडत.

प्रेमिला माझं पाणी बदलायची. रबरी नळी तोंडाने ओढून पाणी बादलीत सोडायची. कधी घोटभर पाणी तोंडात जायचं. ती थुंकायची आणि पुन्हा ओढायची. तोंड वाकडं करणं तिने केव्हाच सोडलं होतं. पाहुण्यांसमोरही ती तशीच बसायची. नाव विचारलं की नाव सांगायची, चालून दाखव म्हटलं की चालायची. मी काचेची असूनही कधी कधी वाटायचं, आमच्या दोघींत जास्त काच कोण?

त्या पोवळ्यांचं पीठ पाण्यात उतरायचं. पाणी जड झालं, दुधाळ झालं. एंजल माशांची जोडी आधी गेली. मग एकेक करत बाकीचे. प्रेमिला त्यांना चमच्याने उचलून मागच्या पपईच्या बुंध्याशी पुरायची. पपई त्या वर्षी जोरात आली. पाहुण्यांनी आवडीने खाल्ली.

उरली एक काळी मोली. या माशाला जड, खारट पाणी मानवतं, म्हणून ती उरली. पण तिला पोहायला जागा नव्हती. दोन पोवळ्यांच्या फटीत ती कल्ले हलवत उभी असायची. दिसायची नाही. तिला दाणे घालताना प्रेमिला हळूच म्हणायची, “आहेस का वं?” एवढंच. घरात प्रेमिलाचं आपणहून बोललेलं वाक्य ते एकच उरलं होतं.

मग एकदा पारशिवनीकडची मंडळी आली. मुलाची आजी जिजाबाई सोबत होत्या. म्हाताऱ्या बाईंनी पोह्यांना हात लावला नाही. माझ्यासमोर बसून बराच वेळ पाहत राहिल्या.

“याच्यात मासोळी कुठी आहे वं, पोरी?”

विचारल्याशिवाय मुलीने बोलायचं नसतं आणि विचारलं तरी थोडकंच. प्रेमिला म्हणाली, “आहे जी, मांगं आहे. बाबांनं आणलेल्या गोट्यायमुळं दिसत नाई.”

“गोटे नाई, पोवळे आहेत ते,” रुपराव घाईने म्हणाले. “मंगळावर उपाय.”

“हे पोवळं?” जिजाबाईंनी आपला हात पुढे केला. बोटातल्या अंगठीत मसुरीच्या डाळीएवढा लाल खडा होता. “हे पोवळं होय, बाप्पा. आमच्या घरीबी मंगळ निघाला होता, म्हणून घातलं.”

“मंग? गुण आला?” रुपरावांनी विचारलं. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

“आला ना. मंगळ आहे तिथंच राह्यला, नवरा गेला.”

कोणी हसलं नाही. जिजाबाईसुद्धा नाहीत. “विचार करून कळवतो,” म्हणून मंडळी उठली. याचा अर्थ आता घरात सगळ्यांना पाठ होता.

रविवार आला. रुपरावांनी शर्ट घातला, खुंटीवरची पिशवी घेतली. आता खरं, लाल पोवळं आणायचं होतं. प्रेमिला माझ्यापाशी नळी घेऊन बसली होती.

“बाबा,” ती म्हणाली, “आज काही आणू नका.”

“अंगठीतलंच आणतो ना पोरी, बारीक.”

“बारीकबी नको. आत आता जागा नाई.”

तिला ‘स्वतःच्या आत’ म्हणायचं होतं की ‘पेटीच्या आत’, हे मला आजही सांगता येत नाही. आवाज चढला नव्हता, रडूही नव्हतं. किराणा सांगावा तसं ती बोलली. रुपराव दारात उभे राहिले. त्यांच्या मुठीत पिशवीचे बंद आवळले, सुटले, पुन्हा आवळले. शेवटी त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्यासमोर, पाहुण्यांच्या खुर्चीत बसले.

“कुठी आहे तुही मासोळी?”

“मांगं.”

त्यांनी बाही वर केली. शिंगासारखं पोवळं बाहेर काढलं, मग बशीसारखं. प्रेमिला ते घेऊन मागच्या भिंतीवर मांडत गेली. मेंदूसारखं निघालं तेव्हा सत्यवतीबाईंनी स्वतः ते उचलून नेलं. मागून मोली बाहेर आली. ती लगेच पोहली नाही. मोकळ्या पाण्यात तशीच उभी राहिली, जणू फट अजून आहेच. बऱ्याच वेळाने तिने शेपटी हलवली.

त्या पावसाळ्यानंतर प्रेमिला रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकायला गेली. लग्न झालं की नाही, असं तुम्ही विचाराल. पाहुणेही तेच विचारायचे.

रुपरावांचा हात मात्र रविवारी शिवशिवायचा. ते सीताबर्डीवर जायचे, त्या दुकानासमोर थांबायचे आणि कोथिंबीर घेऊन परत यायचे. दारातूनच सांगायचे, “आज नाई आणलं.” सत्यवतीबाई भाजी निवडता निवडता म्हणायच्या, “बरं केलं जी.” पुढे निवृत्तीपर्यंत हा संवाद चालला. न आणलेल्या पोवळ्यांनी घर भरलं असतं.

मोली तिच्या वयाने गेली. माझी पुट्टी सुकली, मी गळू लागले आणि बटाटे आले. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी आली तर तिला पुसा, पाणी वेळेवर बदला आणि मनाची चिंता तिच्या पोटात साठवू नका. पाण्याच्या पेटीत थोडं पाणीही असू द्या.

प्रेमिला सुटीला आली की बटाटे काढायला वाकते. आत कोणी नाही हे तिला ठाऊक आहे. तरी हात घालण्याआधी ती विचारते, “आहेस का वं?”