चार ताऱ्यांची शाळा

शाळेच्या फाटकावर एक निळा पत्रा होता. त्यावर पाच तारे रंगवलेले होते, चार पिवळे आणि एक पांढरा. आधी तीनच पिवळे होते. चौथ्यावर रंग चढला त्या दिवशी माझा जावई कामावरून आला तो चपला काढायच्या आधीच म्हणाला, "बघ, म्हटलं होतं ना? सरकारी म्हणून उगाच नाक मुरडत होतीस."

"तारा रंगवायला काय लागतं?" माझी लेक म्हणाली. "रंग आणि शिडी."

"आणि तारा गेला तर?"

"तर एक दिवस ठेवणार नाही पोरीला तिथे. आत्ताच सांगून ठेवते."

तारे अगदीच फुकट मिळत नव्हते. दर वर्षी वरच्या कचेरीतून तपासनीस यायचे, वर्गात हजर असलेल्या प्रत्येक मुलाकडून धडा वाचून घ्यायचे, गणितं सोडवून घ्यायचे, आणि त्या सगळ्यांची सरासरी काढून शाळेला तारे द्यायचे. ते फोनवरही दिसत. हल्ली आईबाप शाळा बघायला जायच्या आधी तारे बघतात. आम्हीही तेच केलं होतं. म्हणजे जावयाने केलं होतं, आणि मी चष्मा लावून मान डोलावली होती. जावयाच्या घरात राहणाऱ्या सासऱ्याने मान डोलवावी हेच बरं, असं मी ठरवून टाकलं आहे.

प्रश्न भिंगरीचा होता. भिंगरी म्हणजे माझी नात. उभं राहता आलं तेव्हापासून स्वतःभोवती गिरक्या घेते, म्हणून हे नाव पडलं. बोलायला लागली की कुणाला ऐकत नाही, पण पुस्तक समोर आलं की तिचा आवाज बसतो. एकेक अक्षर बोटाने दाबून धरते, सोडलं तर पळून जाईल अशा भीतीने. मी आयुष्यभर वाचनालयात नोकरी केली. जावई थट्टेत म्हणायचा, "बाबांनी घराच्या वाट्याचं सगळं वाचन एकट्यानेच संपवलं. पोरीला काही शिल्लकच ठेवलं नाही." मी हसायचो. रोज संध्याकाळी मीच तिला वाचायला घेऊन बसायचो, आणि आपली शिकवण्याची रीतच चुकत असेल अशी शंका मला रोज यायची. पण दुसरी कुठली रीत मला येत नव्हती.

लेकीला ती खाजगी शाळेत जायला हवी होती. मोठ्या रस्त्यापलीकडे एक होती, काचेच्या दाराची. लेक चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करते. त्या शाळेतल्या मुलांचे चष्मे तिच्या हातून जात.

"काय वाचतात ती पोरं!" ती सांगायची. "आई दुकानात भाव करत असते आणि पोरगं बाजूला उभं राहून भिंतीवरचं सगळं घडाघडा वाचत असतं."

"डोळे तपासायचा तक्ता वाचत असेल," जावई म्हणाला.

"हसा. तुम्हाला काय, तुमची सगळी विद्या ब्रेकच्या तेलात."

जावई बस डेपोत मेकॅनिक आहे. तोही हसला. त्या दिवसांत या विषयावर भांडताना दोघं अजून हसत असत.

एका रविवारी आम्ही चौघं ती काचेची शाळा बघून आलो. तिथल्या मॅडमचा आवाज फार मऊ होता. त्यांनी भिंगरीसमोर चित्रांचं पुस्तक ठेवलं आणि म्हणाल्या, "वाच बाळा, घाई नाही." भिंगरीने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. जावई आपल्या नखांकडे बघत होता. लेकीचे ओठ हलत होते, पोरीच्या ऐवजी तीच वाचत होती. थोड्या वेळाने मॅडमनी पुस्तक हळूच मिटलं.

"गोड आहे मुलगी. आपण तिला एक वर्ग खाली बसवू. लहान मुलांमध्ये तिची भीड चेपेल. या शनिवारपर्यंत कळवा, म्हणजे जागा धरून ठेवता येईल."

जिना उतरताना भिंगरीने विचारलं, "आजोबा, लहान मुलांच्या बाकात माझे पाय मावतील?"

मी म्हणालो, "बघू." तिच्या आईने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. आणखी काहीतरी बोलायला हवं होतं बहुतेक.

मग घरात रोज तोच विषय. फी झेपेल की नाही हा प्रश्न होताच, पण खरी अडचण त्या एका वर्गाची होती. जावई म्हणे, इथे ती आपल्या वयाच्या मुलांत आहे, शाळा चांगली चालली आहे, आणि तिला तिच्या बाई आवडतात. हे मात्र खरं होतं. बाई तरुण होत्या आणि केसांत पेन खोचायच्या. भिंगरी घरी आली की तीही केसांत पेन खोचून फिरायची आणि मला दटावायची, "आजोबा, पाठ सरळ!"

बुधवारी संध्याकाळी याच बाई आमच्या घरी आल्या. यापूर्वी कधी आल्या नव्हत्या. खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या आणि चहा नको म्हणाल्या.

"भिंगरी आत आहे, हाक मारते," लेक म्हणाली.

"नको, नको. तुमच्याशीच बोलायचं होतं. शुक्रवारी तपासणी आहे."

"माहीत आहे की," जावई खुशीत म्हणाला. "यंदा पाचवा मारणार ना?"

बाई हसल्या नाहीत. "शुक्रवारी तिला घरी ठेवाल का? बरं नाही म्हणून?"

खालच्या गल्लीत कुणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"काय म्हणालात?" लेकीने विचारलं.

"हजर मुलांचंच वाचन धरतात, ताई. हेडमास्तरांनी मला पाठवलेलं नाही. ते नुसतं 'बघा' एवढंच म्हणाले. प्रत्येक वर्गात अशी दोनचार मुलं असतात. मागच्या वेळीही होती."

"म्हणजे तो चौथा तारा..." जावई म्हणाला आणि थांबला.

"तारा गेला की लोक दाखले काढून नेतात. मुलं कमी झाली की तुकडी बंद. आणि सगळ्यात आधी माझ्यासारखी वर्षाच्या करारावरची माणसं जातात. मग भिंगरी ज्या वर्गात जाईल तिथे साठ मुलं असतील. तिच्या शेजारी बसून कोण वाचून घेणार?" बाईंनी चष्मा काढला आणि ओढणीने पुसला. "ती पुढे येते आहे हो. आधी अक्षरावर अडायची, आता शब्दावर अडते. मला तिच्याबरोबर अजून एक वर्ष हवंय."

"तिला शिकवता यावं म्हणून तिला लपवायचं," लेक म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या.

त्यांनी आढेवेढे घेतले असते तर लेक भडकली असती. त्या 'हो'ने तिच्या हातातला रागच काढून घेतला. बाई उठल्या, दाराशी चपला घालताना त्यांचा तोल गेला, आणि मी हात पुढे केला तर त्यांचे डोळे भरलेले होते. "राग धरू नका," त्या मलाच म्हणाल्या. माझ्या रागाला कुणी इतकं महत्त्व दिल्याचं आठवत नाही.

त्या गेल्यावर लेक भिंतीकडे बघत बसून राहिली. जावयाने पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला.

"इतकं मनाला लावून घेऊ नकोस," तो शेवटी म्हणाला. "असं सगळीकडेच असतं. आमच्याकडेही तपासणी असली की धूर सोडणाऱ्या गाड्या मागच्या शेडमध्ये नेऊन लावतो. एक दिवसाचा प्रश्न असतो. दुसऱ्या दिवशी परत रस्त्यावर."

"गाडी आहे का ती?"

जावयाचं तोंड उतरलं. "मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग कसं म्हणायचं होतं?"

"हे बघ, त्या बाई बिचाऱ्या..."

"सगळे बिचारेच आहेत. बाई बिचाऱ्या, हेडमास्तर बिचारे. तुम्ही ज्या ताऱ्यावर भाळलात ना, तो असल्याच दोनचार पोरांना घरी बसवून आणलेला आहे. त्यांच्या आयांनी काय केलं असेल हो त्या दिवशी?"

"आणि तारा गेला तर दाखला काढायला पहिली कोण धावणार होती? तूच म्हणालीस ना? तुझ्यासारख्यांना घाबरूनच त्या इथे आल्या होत्या." हे बोलून तो स्वतःच दचकला असावा, कारण लगेच उठून मोरीत हात धुवायला गेला. हात आधीच स्वच्छ होते.

लेक माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही तरी बोला काहीतरी."

"दोन्ही बाजूंनी पाहिलं तर..." मी सुरुवात केली.

"दोन्ही बाजू तुमच्या पुस्तकांत असतात, बाबा. इथे पोर एकच आहे."

खरं तर मला दोन्ही बाजू दिसत होत्या म्हणूनच बोलता येत नव्हतं. घरी ठेवलं तर भिंगरीला तिच्या बाई मिळणार होत्या. पण मग ती कुठेतरी मोजून वगळलेली राहणार होती, आणि हे तिला कधी ना कधी कळणारच होतं. काचेच्या शाळेत न्यावं तर तिथे पहिल्याच दिवशी कळणार होतं.

गुरुवारी दोघं एकमेकांशी भाजी, चावी आणि गॅस एवढंच बोलले. भिंगरीही गप्प होती. मी तिला वाचायला बोलावलं तर म्हणाली, "आज नको, आजोबा." मला वाटलं घरातल्या हवेमुळे असेल.

शुक्रवारी सकाळी उठून पाहतो तर लेक भिंगरीच्या गणवेशाला इस्त्री करत होती.

"ती जाणार," ती म्हणाली.

"अगं, बाईंचा जरा विचार कर," जावई म्हणाला.

"करून झाला. वाचता आलं नाही तर नाही आलं. येत नाही, एवढं तरी त्यांनी लिहून न्यावं. नाहीतर ते येतात कशाला?"

जावई चहा तसाच ठेवून डेपोत निघून गेला. लेकीने दुकानात उशिरा येते म्हणून कळवलं. मी दप्तर घेतलं आणि आम्ही तिघं निघालो. भिंगरीने वाटेत एकही गिरकी घेतली नाही. आईच्या हाताला धरून ती सरळ चालत होती, बूट वाजवत.

शाळेचं अंगण झाडून वर पाणी मारलेलं होतं. कुठून तरी कुंड्या आणून पायरीवर मांडल्या होत्या. मुलं रांगेत उभी होती आणि रांगा नेहमीपेक्षा आखूड होत्या. नेहमी किती असतात हे मला माहीत नसतानाही त्या आखूड वाटल्या. बाई फाटकाजवळच उभ्या होत्या, इस्त्रीच्या कपड्यांत, केसांत पेन. आम्ही दिसलो तसा त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण त्यांनी फाटक अडवलं नाही. उलट बाजूला सरकून वाट दिली.

"ये," त्या म्हणाल्या. "ये बाळा, रांगेत उभी राहा."

लेकीने भिंगरीची पाठ हलकेच पुढे ढकलली. भिंगरी दोन पावलं गेली. बाईंच्या समोर थांबली. मग मान वर करून, न अडखळता, अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली, "बाई, मला बरं नाहीये."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"रात्रीपासून अंग दुखतंय. डोकंपण. आईला वाटलं शाळेत गेल्यावर बरं वाटेल, म्हणून तिने आणलं. पण नाही वाटत. मी घरी जाऊ?"

एवढं जुळवून, एवढं नीट ती पुस्तकाबाहेरही कधी बोलली नव्हती. रात्री पाठ केलं असावं. आतून कुणीतरी बाईंना हाक मारली, तपासनिसांची गाडी आली म्हणून. बाईंनी खाली वाकून तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला.

"हो गं," त्या म्हणाल्या. "गरम लागतंय. जा घरी."

माझ्या लेकीकडे त्यांनी पाहिलं नाही. लेक फाटकाचा गज धरून उभी होती. ती काहीतरी बोलेल असं मला वाटलं. पण भिंगरीने येऊन तिचा हात धरला आणि ओढला, बाजारातून कंटाळलेलं मूल ओढतं तसा.

आम्ही कोपऱ्यापर्यंत आलो.

"तू ऐकलंस ना परवा?" लेकीने विचारलं.

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू ऐकलं नसतंस." आणि थोडं पुढे गेल्यावर, "बाई रडत होत्या, आई."

घरी आल्यावर तिने बूट काढून जागेवर ठेवले आणि गणवेशातच अंथरुणात शिरली. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी कपडे वाळत होते.

"आई, ताप बघ ना."

"कशाला?"

"बघ तर."

लेकीने कपाटातून थर्मामीटर काढला, झटकला आणि तिच्या काखेत लावला. भिंगरीने डोळे मिटून दंड अंगाशी गच्च दाबून धरला. जोर लावला तर पारा चढेल असं तिला वाटत असावं. मी दारात दप्तर घेऊन उभा होतो. ते खाली ठेवायचं मला सुचलं नव्हतं.

लेकीने थर्मामीटर काढून खिडकीकडे धरला. तिचे डोळे दिवसभर काचेवरची केसाएवढी रेघ पकडतात. एका नजरेत दिसलं असणार. तरी ती काच फिरवत राहिली.

"आहे का?" भिंगरीने विचारलं. "नसेल तर बाई खोटं बोलल्या असं होईल."

लेकीने पारा झटकून खाली पाडला.

"आहे," ती म्हणाली. "थोडा आहे. पडून राहा."

भिंगरीने मोठा श्वास सोडला आणि भिंतीकडे कूस वळवली.