बुधवारची घंटा

शहराच्या मध्यावरच्या त्या सहा मजली कचेरीत दर बुधवारी, जेवणानंतर, आगीची घंटा वाजायची आणि कोणी मानसुद्धा वर करायचं नाही. ही शिस्त घंटाप्रमुखांची. दारावरची पाटी 'सुरक्षा अधिकारी' म्हणायची, बाकी सगळे घंटाप्रमुख. पूर्वी घंटा झाली की लोक जिने उतरून रस्त्यावर यायचे, गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडायचे आणि परत वर जायचं नाव काढायचे नाहीत. मोठे साहेब वैतागले. मग घंटाप्रमुखांनी डोकं लढवलं: घंटा वाजली तरी कोणी जागचं हलायचं नाही, खरी आग लागलीच, तर ते स्वतः मजल्यामजल्यावर फोन करतील. कधीमधी सरावाला बंबही यायचा. लोक खिडकीतून त्याला हात करायचे.

पटलं नाही ते फक्त त्यांच्या बायकोला. ती पाचव्या मजल्यावर, हिशेब विभागात.

"अहो, फोन आलाच नाही तर?"

"न यायला मी काय मेलोय?"

त्या बुधवारी ते बटण दाबायला उठले, तर तळघराच्या दाराखालून धूर. त्यांनी बटण दाबलं, रिसीव्हर उचलला. आत काहीच नाही, साधी खरखरही नाही. सगळ्या मजल्यांच्या टेलिफोनचं यंत्र तळघरातच होतं, जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांना टेकून. जागा त्यांनीच सुचवली होती. ते जिन्याकडे धावले; धुराने चार पायऱ्यांत परतवलं.

समोरच्या दुकानातून फोन करून बोलावलेला बंब आला तेव्हा ते रस्त्यावर खोकत उभे होते. बाहेरून इमारत नेहमीसारखीच दिसत होती.

"वर कोण आहे?" बंबवाल्यांच्या प्रमुखाने विचारलं.

"सगळे."

"का? ही घंटा त्यांना ऐकू येत नाही?"

"येतेय की."

प्रमुख त्यांच्याकडे बघतच राहिला. मग माणसांना घेऊन आत घुसला.

तेवढ्यात बाजूच्या जिन्याच्या दारातून एक बाई धडपडत बाहेर आली. तोंड काळं, चपला हातात. तिच्या मागोमाग धुराचा लोट.

"तू उतरलीस!" घंटाप्रमुख बायकोकडे धावले.

"तुमचं कधी ऐकलंय मी?"

"आणि बाकीचे?"

"हाताला धरून ओढलं हो एकेकाला. म्हणाले, वहिनी, बुधवार आहे. तुमच्या साहेबांचा फोन आला की निघतो."

पाचव्या मजल्याच्या खिडकीत एक कारकून आला. त्याने बंब पाहिला.

"खरी आहे! खरी!" घंटाप्रमुख जीव तोडून ओरडले. घंटेपुढे त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येईना. मग त्यांनी दोन्ही हात उंच करून हलवले.

कारकुनाने त्यांना ओळखलं. त्यानेही हसून हात केला, आणि कामाला आत वळला.