दोन मजल्यांच्या मध्ये

सहाव्यांदा किंकाळी फुटली, आणि तिच्या मागोमाग हेडफोनमध्ये पुन्हा तेच पुटपुटणं आलं. "असं कुणी ओरडत नाही."

लांबूने कपाळावर हात मारून घेतला. तो दिग्दर्शक. कॉलेजच्या परीक्षेसाठी चौघांना मिळून दहा मिनिटांचा भयपट करायचा होता. आवाज टिपणाऱ्या मुलीचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे, म्हणून ही लिफ्ट मिळाली होती, तीही पाच वाजेपर्यंतच. चार कधीच वाजून गेले होते. खालून कुणी ना कुणी सारखं विचारत होतं, अजून किती वेळ?

चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये थांबवलेल्या लिफ्टमध्ये अभिनय करणारी मैत्रीण होती आणि कॅमेरावाला. बाकीचे पाचव्या मजल्यावर, अर्धवट उघडलेल्या दाराशी. पुटपुटत होते ते वडीलच, आणि मुलगी शरमेने अर्धमेली झाली होती. वडिलांची टकळी घरीदारी कुठेच थांबायची नाही, ओळखीचा असो की अनोळखी.

"बाबा, तुम्ही जरा खाली जाऊन बसता का?"

"आत माणसं असताना मी हलत नाही."

लांबू चिडून म्हणाला, "मग काका, कसं ओरडतात ते तरी सांगा."

"ओरडत नाहीत रे. आधी हसतात. मग एकच बटण दाबत राहतात. मग विचारतात, बाहेर कोण आहे?"

मग ते सांगत गेले. मुलगी दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. एका इमारतीत एक निवृत्त शिक्षिका लिफ्टमध्ये अडकल्या. तासभर ते दाराबाहेरून त्यांच्याशी बोलत होते. बाईंनी वडिलांना मुलीचे पाढे कुठवर आले तेही विचारलं. एक सुटा भाग हवा होता, दुकान कोपऱ्यावरच. दहा मिनिटांचं काम, सांगितलं तर उगाच घाबरतील, म्हणून न सांगताच गेले. परत आले तर आतून काहीच उत्तर नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमकुवत होतं, कुणाचा दोष नाही.

"सगळे तसंच म्हणाले," वडील म्हणाले. "पण वरच्या मजल्यावरच्या एका शेजारणीने ऐकलं होतं. बाई आतून मला हाका मारत होत्या."

मुलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शेवटी लांबूने आतल्या मैत्रिणीला हळूच सांगितलं, पुन्हा घेऊ, ओरडू नकोस.

सातव्या वेळी मैत्रीण हसली. बटण दाबलं. पुन्हा दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. मग म्हणाली, "बाहेर कोणी आहे का?"

इथे कुणी उत्तर द्यायचं नाही, असं लांबूच्या कागदावर लिहिलेलं होतं. वडिलांनी तो कागद सकाळीच वाचला होता. ते दाराची कड घट्ट धरून उभे राहिले. ओठ हलत होते, पण आवाज बाहेर येऊ देत नव्हते. मुलीच्या कामात खोडा नको.

"कोणी आहे का?" आतला आवाज बारीक झाला. हे नाटक आहे की खरं, हेडफोनमधूनही कळेना.

मुलीने वडिलांच्या हाताकडे पाहिलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"आहोत," ती मोठ्याने म्हणाली. "इथेच आहोत. कुठे जात नाही."

लांबूने तोंड उघडलं, पण कट म्हणाला नाही.

वडिलांनी दाराची कड सोडली, बाही डोळ्यांवरून फिरवली, आणि लिफ्ट सावकाश वर घेतली.