पूजेतली साखळी

माझा नवरा राणोजी तसा शहाणा माणूस, पण स्वस्तात नवी वस्तू दिसली की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. १९८६च्या नवरात्रात हेच झालं.

सैदापेटात आमचा जनरेटर भाड्याने द्यायचा धंदा. मद्रासात कुठे लग्नात वीज गेली की लोकांना आमची आठवण यायची. जीप मी चालवायची, मागे जोडलेल्या ट्रॉलीवर जनरेटर आणि त्याच्याशेजारी राणोजी. बाई जीप चालवते म्हणून गल्ली आधी हसली, मग हसून कंटाळली. मला सासऱ्यांनी शिकवलं होतं. ते गेले, तरी त्यांचा एक नियम घरात होता. जीप नि ट्रॉलीमधला जोड कितीही पक्का असो, त्याच्या खालून दोन साखळ्या एकमेकींवर आडव्या लावल्याशिवाय ट्रॉली हलवायची नाही. जोड निसटला तर ट्रॉलीची दांडी त्या साखळ्यांच्या झोळीत पडते आणि ट्रॉली जीपला सोडून जात नाही.

त्या वर्षी आम्ही मोठा जनरेटर घेतला. जुनी कडी त्याला पुरणार नव्हती. जीपला लोखंडी गोळा आणि ट्रॉलीच्या दांडीला त्यावर बसणारी वाटी, असा जोड घ्यायचं ठरलं. मी बजावलं होतं, "गोळा नि वाटी एकाच जोडीतली घे. वजन किती ओढील तेंही विचार." हा पठ्ठ्या पुदुपेटच्या जुन्या बाजारात गेला आणि वाटी एका गाडीची, गोळा दुसऱ्याच गाडीचा घेऊन आला. गोळा वाटीपेक्षा जेमतेम सूतभर लहान होता. रिकामी ट्रॉली ओढून पाहिली तर नुसती खडखड.

"बदलून आण," मी म्हटलं.

"आयुधपूजा होऊं दे कीं. मग आणतों."

आयुधपूजेला ज्या वस्तूंवर पोट चालतं त्या देवीपुढे मांडायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. सासूबाई सकवारबाई तिच्या बाबतीत भारी कडक. नट फिरवायचे पाने, स्क्रू-ड्रायव्हर आणि दोन्ही साखळ्या धुऊनपुसून देवीपुढे गेल्या. जीप आणि ट्रॉली काही देवघरात मावत नाहीत, म्हणून त्यांची पूजा दारात. सासूबाईंनी चाकांना, दिव्यांना चंदन-कुंकू लावलं, आणि त्या नव्या गोळ्यावर तर हाताने लेपच चढवला.

दुपारी डॉक्टर मीनाक्षींचा फोन आला. अडयारच्या पुलापलीकडे त्यांचं छोटं नर्सिंग होम. ट्रान्सफॉर्मर जळला होता, आत पेशंट होते आणि वीज कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

राणोजीने ट्रॉली जोडली. मी जीप थोडी पुढे घेतली आणि थांबले. खडखड अजिबात नाही. चंदन वाळून गोळा आणि वाटीमधली फट भरून गेली होती.

"बघ," राणोजी हसत म्हणाला, "अंबाबाईनेंच दुरुस्त केलें."

मी साखळ्या आणायला आत गेले. सासूबाई देवघराच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"नको गे तुळजा. पूजेंत मांडलेली संगिलि उचलायची नाहीं. उद्यां काढ."

"आत्याबाई, मामांचा नियम आहे. साखळीशिवाय ट्रॉली हलवायची नाहीं."

"मामाही पूजेतलें कधीं उचलत नव्हते."

ते खरं होतं. पण आयुधपूजेच्या दिवशी सासरे ट्रॉलीही बाहेर काढत नव्हते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तेवढ्यात बाहेरून राणोजी ओरडला, "पूल ओलांडला कीं आलें. पेशंट आहेत तिथें, चल लवकर!" डिझेलचे डबे घेऊन तो ट्रॉलीच्या अगदी मागच्या टोकाला बसला होता. मागे वजन पडलं की दांडी गोळ्यावरून वर उचलली जाते, म्हणून पुढे बस म्हटलं तर म्हणाला, डबे कोण धरणार? मी साखळ्यांशिवायच जीप काढली.

पुलाचा चढ लागला. मी गिअर बदलला, चाक एका खड्ड्यातून गेलं, आणि जीपने अचानक पुढे उडी घेतली. एकदम हलकी झाली. इतकी हलकी की आधी मला बरं वाटलं. मग मी आरशात पाहिलं.

माझा नवरा लहान लहान होत चालला होता.

ट्रॉली मागे घसरत होती. दांडी रस्त्यावर ठिणग्या काढत होती, आणि राणोजी दोन्ही हातांनी जनरेटरला मिठी मारून माझ्याकडे बघत होता. ओरडत नव्हता. त्याला काय झालंय तेच कळलं नव्हतं. मलाही नव्हतं. मग दांडी रस्त्यात रुतली, ट्रॉली कलंडून कठड्यावर आदळली आणि तो दिसेनासा झाला.

मी कशी उतरले, कशी धावले, मला आठवत नाही. मागून आलेल्या बसमधले लोक ट्रॉली उचलत होते आणि "अय्यो, अय्यो" असा कल्लोळ चालला होता. त्याचा उजवा पाय खाली सापडला होता. जीपच्या गोळ्यावरचं चंदन तेवढं चुरा होऊन रस्त्यावर सांडलं होतं.

त्याला त्याच नर्सिंग होममध्ये नेलं. दुसरं जवळ काही नव्हतं. आतल्या खोलीत मिट्ट काळोख. ज्यांना उजेड द्यायला आम्ही निघालो होतो, त्यांच्याच टेबलावर माझा नवरा होता, आणि डॉक्टरांना रक्त थांबवता यावं म्हणून मी बॅटरी धरून उभी होते. रक्त थांबल्यावर नर्सने ती माझ्या हातातून घेतली.

"मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल," डॉक्टर मीनाक्षी हळूच म्हणाल्या. "जीव वाचेल. पाऊल नाही वाचणार."

मला रडू आलं नाही.

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि सासूबाई आत आल्या. पायात चप्पल नव्हती. कुणीतरी घरी सांगितलं असणार. मला वाटलं होतं, दिसल्या की मी त्यांना खडसावीन. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

त्यांनी पदराची गाठ सोडली. आत दोन्ही साखळ्या होत्या, कुंकू लागलेल्या, फुलं अडकलेल्या. उत्तरपूजा झालेली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मांडलेली पूजा मोडली होती.

साखळ्या त्यांनी माझ्यापुढे धरल्या.

"आणल्या गे," त्या म्हणाल्या. "ह्या कुठें बांधायच्या, सांग मला."