चुकीच्या डोळ्यावर बांधलेली पट्टी

मी एक जुनी पट्टी आहे, डोळ्यावर बांधायची. मित्रांनो, तेलंगणातल्या पोचमपल्लीच्या मागावर उरलेल्या निळ्या तुकड्यातून लच्चम्मानं मला शिवलं, तिच्या पाच वर्षांच्या नातीसाठी. नातीचं नाव वेन्नेला.

वेन्नेलाचा डावा डोळा नाकाकडे वळायचा. "तिरळी पोर घराला लाभते," म्हणत घरच्यांनी दोन वर्षं दवडली. अखेर तिची आई सुगुणा तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. घरी येऊन म्हणाली, "चष्मा दिलाय. शिवाय रोज दोन तास चांगला डोळा झाकायचा, म्हणजे वाकडा डोळा कामाला लागेल. ऑपरेशनचं नंतर बघू म्हणाल्या. पण पट्टीला उशीर झाला तर त्या डोळ्याची नजर जाईल."

"चांगला डोळा कुणी झाकतं का?" लच्चम्मा उसळली. चाळीस वर्षं ती साड्यांचं सूत रंगात बुडवण्याआधी जागोजागी घट्ट बांधत होती, म्हणजे बांधलेल्या जागी रंग चढत नाही. "रंगापासून जे वाचवायचं, तेच आपण बांधतो. अधू डोळा बांध!"

सासूचा शब्द मोडवेना, म्हणून सुगुणानं मला उचललं. मी डाव्या डोळ्यावर चढले.

"पट्टी बांधली तरी पोर रडत नाही हो!" शेजारणी कौतुक करायच्या आणि मी फुगून जायचे. रडेल कशाला? चांगला डोळा उघडाच होता. माझ्याखाली अंधारात दुसरा मात्र दिवसेंदिवस मंद होत होता. हे मला एकटीला कळत होतं आणि मला तोंड नव्हतं.

आठ महिन्यांनी तपासणी झाली, तेव्हा चुकीचा डोळा झाकल्याचं उघड झालं. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "आजी, डोळा म्हणजे सूत नव्हे. त्याला काम लागतं." लच्चम्मानं तिथेच माझी गाठ सोडली.

मग मी उजव्या डोळ्यावर गेले. वेन्नेला उंबऱ्याला अडखळली, किंचाळली, मला तिनं चुलीच्या राखेत भिरकावलं. लच्चम्मानं मला धुऊन पुन्हा बांधलं, पोरीला मांडीवर घेतलं आणि जाड दोरे हातात देऊन एकेक वेगळा करायला लावला. रोज पोर रडायची, आणि आजीही.

पावसाळा सरला. एके सकाळी मी उजव्या डोळ्यावर असताना वेन्नेला आजीला म्हणाली, "नानम्मा, तुझ्या नखांत निळा रंग आहे."

"कधीचाच आहे गं, बिड्डा, माझ्या लेकरा," लच्चम्मा बोटं तिच्यापुढे धरत म्हणाली.

डोळा अजून थोडा वाकडाच आहे. गेलेले आठ महिने काही परत आले नाहीत. मित्रांनो, पट्टी बांधण्यापूर्वी कोणता डोळा, हे दोनदा विचारा. जिथे बांधाल तिथे मी मुकाट्यानं बसते.