बुंध्याशी मीठ

कुडवा गावच्या केवलरामनं शेजारच्या अल्काला तिची रातराणी तोडायला लावली, त्याला आठ दिवस झाले होते. त्याच्या अंगणात साप निघाला होता. रातराणीच्या वासानं साप येतो हे शेंबडं पोरही सांगेल, असं त्यानं अख्खी गल्ली गोळा करून ठणकावलं.

अल्कानं ते झाड माहेरून आणलेल्या एका काडीपासून वाढवलं होतं. "छाटून लहान करू ना काकाजी, तोडाले काऊन लावता?" असं ती दोनदा म्हणाली. पण हा हट्टाला पेटलेला. शेवटी तिनंच कुऱ्हाड चालवली. पुन्हा फुटू नये म्हणून बुंध्याशी किलोभर मीठ मात्र यानं स्वतःच्या हातानं ओतलं.

आज सकाळी त्यानं पडवीतली धानाची पोती हलवली. खालची पोती उंदरांनी कुरतडून ठेवली होती आणि सांडलेल्या धानावर सापाची लांबलचक कात पडली होती. साप फुलांसाठी नाही, त्याच्याच घरातल्या उंदरांसाठी आला होता.

केवलरामला आपलंच तोंड नकोसं झालं. कात मुठीत धरूनच तो बादली घेऊन कुंपणापलीकडे गेला आणि मीठ धुऊन जावं म्हणून बुंध्यावर पाणी ओतू लागला. एक बादली, दुसरी, तिसरी.

आवाज ऐकून अल्का बाहेर आली. त्यानं मूठ पाठीमागे लपवली.

अल्कानं बादलीकडे पाहिलं.

"अजून मिठाचं पाणी कायले टाकून रायले काकाजी? मेलं ना ते."