म्हाताऱ्याच्या अंधारातला मी

मी एका चित्रातला उगवतीचा उजेड बोलतोय. मान खाली घालूनच बोलतोय, कारण त्या चित्रात मी नसायलाच हवा होतो.

माझा जन्म कैरोतला. पॅरिसहून आलेले चित्रकार व्हेर्दिये साहेब दहाशिवाय उठत नसत. समोरच्या सूर्यास्ताकडे बघून त्यांनी मला रंगवलं आणि सूर्योदय म्हटलं. माझ्यापुढे नमाजाला उभं केलं मितवल्लीला. हा म्हातारा पखालीतून घरोघर पाणी पोचवायचा.

मला पाहून तो ओरडलाच, "अहो साहेब, हा सूर्य कुठून आणलात? सूर्य वर येताना आम्ही नमाज पढत नसतो! पहाटेचा नमाज अंधारातच होतो. लोक म्हणतील, मितवल्ली सूर्यापुढे हात जोडतो. सगळी अब्रू घालवाल माझी!"

"बरं बाबा, पुसतो."

"दाढीला हात लावून शपथेवर सांगा."

साहेबांनी दाढीला हात लावला.

पॅरिसला गेल्यावर त्यांनी खरंच फडकं हातात घेतलं होतं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. "वा! काय हा उजेड! तो आहे म्हणून चित्र आहे." साहेबांनी फडकं ठेवलं आणि माझ्यावर आणखी थोडा पिवळा चढवला. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मी फुशारलो होतो.

इकडे कैरोत मितवल्ली मरेपर्यंत गल्लीत सांगत राहिला, "माझं चित्र आहे तिकडे. काळोखात पढतोय. तोंडसुद्धा दिसत नाही नीट!"

पुढे ते चित्र फिरत फिरत कैरोतल्याच एका हॉटेलात आलं. तिथे चादरी धुणारी झन्नूबा ही मितवल्लीची मुलगी. एक दिवस तिची सोबतीण जिन्यात माझ्या चित्रापुढे थबकली.

"अगं ए, हा तुझा बाप ना? सूर्याला नमस्कार करतोय की काय?"

झन्नूबाने बघितलं. उजव्या बाहीला तिनेच लावलेलं ठिगळ होतं. ते तिने ओळखलं, हे मला दिसलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"नाही गं," ती म्हणाली. "माझा बाप अंधारात पढायचा."

आणि चादरी उचलून निघून गेली. त्यानंतर ती मागच्या जिन्यानेच ये-जा करते.

माझ्याखाली एक दिवा लावतात. त्याची काजळी रोज थोडी माझ्यावर बसते आणि नोकर दर आठवड्याला ती पुसून काढतो. हात जोडतो, पुसू नका. म्हाताऱ्याचा नमाज अजून व्हायचा आहे.